कमान सर्वांना सारखीच

टेनिसची पंढरी म्हणून जग ज्या क्लबला ओळखते, त्या विम्बल्डनच्या क्लबचे पूर्ण नाव 'ऑल इंग्लंड लॉन टेनिस अँड क्रोके क्लब' असे आहे. नावातला क्रोके हा शब्द आज बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, पण 23 जुलै 1868 रोजी लंडनच्या स्ट्रँड भागात 'द फील्ड' या साप्ताहिकाच्या कार्यालयात या क्लबची स्थापना झाली, तेव्हा नावात टेनिस नव्हते, कारण तो खेळ अजून रूढच व्हायचा होता. क्लब स्थापन झाला तो हिरवळीवर लाकडी मोगरीने चेंडू टोलवत लोखंडी कमानींतून पार करण्याच्या खेळासाठी. या क्लबने 1877 साली आपली पहिली टेनिस स्पर्धा भरवली. ज्या खेळासाठी हे मैदान घेतले होते, तो खेळ त्या काळी स्त्रिया आणि पुरुष एकाच हिरवळीवर, एकाच नियमांनी, एकमेकांविरुद्ध खेळत होते. नव्या स्पर्धेत मात्र स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि त्यासाठी त्यांना आणखी सात वर्षे थांबावे लागले.

ही सात वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. कोणत्या खेळात स्त्री-पुरुषांचे गट वेगळे असावेत आणि कोणत्या खेळात नसावेत, याचा निर्णय आपण त्या खेळाचे स्वरूप तपासून घेतो, अशी आपली समजूत असते. क्रोकेचा इतिहास वाचला की ही समजूत टिकत नाही. बहुतेक ठिकाणी निर्णय सवयीने झालेले आहेत, आणि जिथे कौशल्य हेच सर्वस्व आहे तिथे ते बदलले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रोकेचा उगम सांगताना अनेक जण सतराव्या शतकातल्या 'पॉल मॉल' या खेळापर्यंत मागे जातात. दुसऱ्या चार्ल्सच्या लंडनमध्ये तो राजदरबारी लोकांचा आवडता खेळ होता आणि लंडनमधला पॉल मॉल हा रस्ता आजही त्याचे नाव मिरवतो. त्यातही मोगरी होती, चेंडू होता आणि कमानही होती. परंतु तो लांबच लांब पट्ट्यावर खेळायचा खेळ होता आणि कमीत कमी टोल्यांत चेंडू टोकाच्या कमानीतून काढायचा म्हणजे अंगात जोर लागायचा. साधने सारखी असली तरी खेळाचा स्वभाव निराळा होता. आज आपण ज्याला क्रोके म्हणतो, त्याच्या विश्वासार्ह खुणा आयर्लंडमध्ये सापडतात. लाउथ परगण्यातल्या कॅसलबेलिंगहॅम येथे 1834 साली 'क्रुकी' नावाचा खेळ खेळला जात असल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी तो गॅलवेला बिशपच्या निवासस्थानाच्या बागेत पोहोचला आणि डब्लिनजवळच्या किंग्सटाऊनमध्येही गेला. म्हणजे हा खेळ सुरुवातीपासून घराच्या बागेतला होता, आणि घराची बाग ही त्या काळच्या सुखवस्तू घरांतील स्त्रियांना मोकळेपणाने वावरता येईल अशी मोजक्या जागांपैकी एक होती.

आयर्लंडमधून तो इंग्लंडात आला आणि 1850 च्या दशकात लंडनच्या खेळणी विकणाऱ्यांच्या हाती पडला. आयझॅक स्प्रॅट या दुकानदाराने नोव्हेंबर 1856 मध्ये त्याच्या नियमांची रीतसर नोंद केली. त्यानंतर जॉन जॅक्स या खेळसाहित्याच्या उत्पादकाने मोगऱ्या, चेंडू आणि कमानी यांचे पेटीबंद संच विकून तो घरोघरी पोहोचवला आणि 1864 मध्ये स्वतःचे नियमपुस्तकही काढले. या प्रसाराला एका यंत्राचीही मदत झाली. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड येथील एडविन बडिंग या कारागिराने 1830 साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यापूर्वी हिरवळ एकसारखी राखायची तर विळे-कोयते चालवणारी माणसे तरी हवीत, नाहीतर मेंढ्या तरी. चेंडू जमिनीलगत सरळ घरंगळत जावा, असे पृष्ठभाग मध्यमवर्गाच्या बागांत या यंत्रामुळे तयार होऊ लागले. खेळांचा इतिहास लिहिताना आपण नियम करणाऱ्यांची नावे आठवतो आणि जमीन तयार करणाऱ्यांना विसरतो, म्हणून बडिंगचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे.

आता या खेळाकडे थोडे जवळून पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्या मापांवर उभा आहे. पूर्ण आकाराचे मैदान 35 यार्ड लांब आणि 28 यार्ड रुंद असते. त्यावर सहा कमानी आणि मधोमध एक खुंट असतो. चेंडू चार असतात. निळा आणि काळा एका बाजूचे, लाल आणि पिवळा दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक चेंडूने सहाही कमानी दोनदा पार करायच्या आणि शेवटी खुंटाला लागायचे, म्हणजे एका चेंडूचे तेरा आणि दोघांचे मिळून सव्वीस गुण. चेंडूचे वजन 16 औंस, म्हणजे अर्ध्या किलोला थोडे कमी, आणि व्यास साधारण 92 मिलिमीटर. कमानीच्या दोन पायांतले अंतर साधारण 95 मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून उरली केवळ तीन मिलिमीटरची फट, आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांत तीही आवळून एक मिलिमीटरच्या आत आणतात. त्या फटीतून चेंडू काढायचा म्हणजे डोळा, मनगट आणि श्वास यांचा मेळ बसला पाहिजे. जोर वाढवला तर चेंडू कमानीच्या पायावर आपटून परत येतो.

यात भर पडते ती डावपेचांची. आपला चेंडू दुसऱ्या चेंडूला लागला की तो उचलून त्याला खेटून ठेवायचा आणि असा टोला मारायचा की दोन्ही चेंडू हलतील. त्यानंतर आणखी एक टोला हक्काने मिळतो. चांगला खेळाडू या टोल्यांची साखळी जोडत एकाच पाळीत कमानींमागून कमानी पार करतो आणि प्रतिस्पर्धी खुर्चीवर बसून पाहत राहतो. हे चार पावले पुढचा विचार करण्याचे काम आहे आणि म्हणून बुद्धिबळाशी त्याची तुलना वारंवार होते. जोराचा यात काहीच वाटा नाही असे मी म्हणणार नाही. ओलसर, जड हिरवळीवर दोन चेंडू लांब आणि वेगवेगळ्या दिशांना पाठवताना हातात बळ असलेले बरे. पण ते बळ कुणाही निरोगी प्रौढ माणसाला कमावता येण्याइतके आहे.

अशा खेळाने 1860 च्या दशकात इंग्लंडला अक्षरशः वेड लावले. पायघोळ, घेरदार झग्यांत वावरणाऱ्या स्त्रिया पहिल्यांदाच एका मैदानी स्पर्धेत पुरुषांसमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभ्या राहिल्या. त्या वेळच्या एका पद्धतीत आपल्या चेंडूवर पाय रोवून टोला द्यायचा आणि खेटलेला प्रतिस्पर्ध्याचा चेंडू झुडपांत भिरकावून द्यायचा, अशी मुभा होती. एखाद्या तरुणीने घरच्या पाहुण्याचा चेंडू असा झुडपांत घालवून शांतपणे पुढची कमान गाठणे, हे दृश्य त्या समाजाला नवे होते. त्या काळच्या व्यंगचित्रांत आणि मासिकांत या स्त्रिया घेराआड चेंडू सरकवतात, लबाडी करतात, अशा तक्रारी हसत-हसत छापून येत. मला त्या तक्रारींत हरणाऱ्याचा स्वर ऐकू येतो. क्रोकेतली समानता कोणी सुधारक म्हणून आणलेली नव्हती. बागेत स्त्रिया आधीपासून होत्या आणि खेळाला त्यांना बाहेर ठेवण्याचे कारण नव्हते, म्हणून ती आली.

मग स्पर्धा आल्या आणि त्यांच्याबरोबर संस्था आल्या. वॉल्टर जोन्स व्हिटमोर यांनी विखुरलेले नियम एकत्र बांधण्याचा खटाटोप केला आणि 1867 मध्ये ईव्हशॅम येथे झालेली पहिली खुली विजेतेपद स्पर्धाही जिंकली. ऑल इंग्लंड क्लबने विम्बल्डनच्या वर्पल रोडलगत चार एकर जागा भाड्याने घेतली. पण बागेतून मैदानात आलेल्या खेळाचा बहर फार काळ टिकला नाही. नवीन टेनिस अधिक धावपळीचे होते आणि पाहणाऱ्यालाही त्यात रस वाटत असे. 1875 मध्ये क्लबचे एक सदस्य हेन्री जोन्स यांच्या सूचनेवरून क्लबने एक हिरवळ टेनिसला दिली. दोनच वर्षांनी, हिरवळ सपाट करणारा, घोड्याने ओढायचा रूळ दुरुस्त करण्यासाठी पैसे हवे होते म्हणून टेनिसची स्पर्धा भरवली, असे क्लबच्या इतिहासात सांगितले जाते. 22 पुरुष खेळले, स्पेन्सर गोर जिंकला आणि अंतिम सामन्याला सुमारे दोनशे प्रेक्षक एक-एक शिलिंग देऊन आले. 1882 मध्ये तर क्रोके हा शब्द क्लबच्या नावातूनच गळाला आणि 1899 मध्ये तो परत आला.

या दरम्यान स्त्रियांचे काय झाले? क्रोके जिथून आला, त्या आयर्लंडने 1879 मध्येच डब्लिनच्या टेनिस स्पर्धेत स्त्रियांची एकेरी ठेवली आणि मे लँग्रिश ही चौदा वर्षांची मुलगी तिची पहिली विजेती ठरली. विम्बल्डनला ते सुचायला 1884 उजाडले. तेव्हा तेरा स्त्रियांनी भाग घेतला आणि मॉड वॉटसन हिने अंतिम सामन्यात आपल्याच बहिणीला हरवले. टेनिसमध्ये बळ आणि वेग यांना किंमत आहे, त्यामुळे तिथे स्त्रियांचा स्वतंत्र गट असण्यात अन्याय नाही, उलट तो असणेच न्याय्य आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. 1877 मध्ये कोणी बळाची मोजमापे करून स्त्रियांना वगळले नव्हते. कालपर्यंत ज्या हिरवळीवर त्या खेळत होत्या, तिथे बक्षीस, प्रेक्षक आणि प्रतिष्ठा येताच 'खेळाडू' या शब्दाचा अर्थ आपोआप 'पुरुष खेळाडू' असा झाला, आणि स्त्रियांची आठवण नंतर कधीतरी, वेगळी सोय म्हणून, झाली.

क्रोकेतही स्त्रियांची स्वतंत्र विजेतेपद स्पर्धा होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण तिच्यामुळे खुल्या स्पर्धेचे दार बंद झाले नाही, हा फरक मोठा आहे. लिली गॉवर हिने 1899, 1900 आणि 1901 अशी सलग तीन वर्षे स्त्रियांचे विजेतेपद जिंकले आणि 1905 मध्ये पुरुषांसह खेळून खुले विजेतेपदही मिळवले. तिच्यानंतर डोरोथी डाइन स्टील आली. तिने स्त्रियांचे विजेतेपद पंधरा वेळा जिंकले, ही कर्तबगारी कमी नव्हती. पण तिचे नाव या खेळात कायमचे कोरले गेले ते 1925, 1933, 1935 आणि 1936 या चार वर्षांतल्या खुल्या विजेतेपदांमुळे. पंधरा विजेतेपदे मिळवूनही तिला कोणी 'स्त्रियांमध्ये उत्तम' एवढेच म्हटले असते. त्या चार विजेतेपदांनंतर तिला इंग्लंडमधली सर्वोत्तम खेळाडू म्हणणे भाग पडले. खुले दार नसते तर ती तितकीच चांगली खेळली असती, फक्त ते कोणाला कळले नसते, कदाचित तिलाही नाही.

1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रोके होते आणि तीन फ्रेंच स्त्रिया त्यात पुरुषांबरोबर उतरल्या होत्या. ऑलिंपिकमध्ये भाग घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांना पदक मिळाले नाही आणि तिकीट काढून सामने पाहायला एकच प्रेक्षक आला, असे अहवालात नोंदलेले आहे. या तिघींचे अपयश मला लाजिरवाणे वाटत नाही. हरण्यासाठी आधी खेळायला मिळावे लागते आणि त्या काळच्या बहुतेक खेळांत स्त्रियांना तेवढेही मिळत नव्हते.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. खेळ इतका समान असेल तर आज जागतिक क्रमवारीच्या वरच्या टोकाला पुरुषच जास्त का? आक्षेप खरा आहे, आणि दार उघडले की समानता आपोआप आत येते असा माझा दावा नाही. सरावाला वेळ कोणाला मिळतो, क्लबचे सभासदत्व घरातल्या कोणाच्या नावावर असते, लहानपणी मोगरी कोणाच्या हाती दिली जाते आणि दूरगावच्या स्पर्धेला एकट्याने जाण्याची मोकळीक कोणाला असते, यावर वरची संख्या ठरते. शंभर मुले आणि दहा मुली खेळत असतील तर पहिल्या पाचांत मुली विरळाच दिसणार. हा तर्क वेगळे गट करण्याच्या बाजूने वापरणे म्हणजे रोगाच्या लक्षणालाच औषध म्हणण्यासारखे आहे. जपानमध्ये याच खेळातून निघालेला गेटबॉल पाहा. 1947 मध्ये होक्काइडो बेटावर, रबराच्या टंचाईच्या काळात, मुलांना लाकडी साधनांनी खेळता यावे म्हणून तो तयार झाला. पाच-पाच जणांचे संघ, दहा चेंडू, तीन कमानी आणि अर्धा तास. पुढे तो ज्येष्ठ नागरिकांनी आपलासा केला आणि आजी-आजोबा एकाच संघातून खेळू लागले. क्लबची पायरी काढून टाकून खेळ मोहल्ल्याच्या मोकळ्या जागेवर आणला, तेव्हा भागीदारीचे चित्र बदलले.

आपल्याकडे क्रोके रुजला नाही. काही जुन्या क्लबांच्या हिरवळीपलीकडे तो गेला नाही आणि जाईल असेही मला वाटत नाही. पण त्याने उभा केलेला प्रश्न महाराष्ट्रात पूर्वीच विचारला गेला आहे. 1976 मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत पुरुषांच्या गटात खेळली. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. जे तत्त्व जगभरच्या खेळाडूंच्या उपयोगी पडले, ते एका मराठी मुलीच्या हट्टातून पुढे आले, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगलेला नाही. 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि त्यातून तिला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला, जो स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच आहे. बुद्धिबळाने स्त्रियांची स्पर्धा राखली आणि मुख्य स्पर्धा 'खुली' ठेवली. मला हाच मार्ग योग्य वाटतो.

याच्या उलट उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने टिपणे, हा मिश्र प्रकार होता आणि चीनच्या झांग शानने पुरुषांसह सर्वांना मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. पुढच्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो प्रकार फक्त पुरुषांसाठी ठेवला गेला, स्त्रियांसाठी वेगळा प्रकार 2000 मध्ये सिडनीला आला, आणि विजेतीला आपले पदक राखण्यासाठी उतरण्याची संधीच मिळाली नाही. थोडक्यात, मागे जाणेही घडते.

आपल्या घराघरातला खेळ म्हणजे कॅरम. पाटाची बाजू सर्वांसाठी साधारण 74 सेंटिमीटर, स्ट्रायकरचे वजन सर्वांसाठी 15 ग्रॅमच्या आत आणि सोंगट्याही त्याच. तरीही आपल्या स्पर्धांत बहुधा पुरुष एकेरी आणि महिला एकेरी असे दोन तक्ते भिंतीवर लागतात. माझी भाची बारा वर्षांची असल्यापासून चाळीतल्या मुलांबरोबर संध्याकाळी खेळते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना तिने अनेकदा हरवले आहे. गेल्या वर्षी जवळच्या एका स्पर्धेत तिने नाव दिले, तेव्हा मुलांच्या तक्त्यावर चौसष्ट नावे होती आणि मुलींच्या तक्त्यावर तीन. ती दोन सामने खेळली, दोन्ही जिंकली आणि चषक घेऊन दुपारी बारालाच घरी आली. चषक तिने कपाटावर ठेवला आणि पुन्हा खाली जाऊन मुलांचे सामने पाहत उभी राहिली. ज्यांच्याशी ती रोज खेळते ते त्या दिवशी खरी स्पर्धा खेळत होते. संयोजक सज्जन होते. 'मुलींसाठी वेगळा गट ठेवलाय ना,' असे ते मनापासून आणि आपुलकीने म्हणाले. त्या आपुलकीतच सगळी गोम आहे.

स्त्रियांचे गट बंद करा, असे मी सुचवत नाही. मुली थोड्या असतात तिथे त्यांना एकत्र येण्याची, बक्षिसाची आणि ओळखीची जागा लागते, आणि तो गट त्या खेळाडूंच्या इच्छेने टिकावा. माझी मागणी मर्यादित आहे. कॅरम, नेमबाजी, बिलियर्ड्स अशा खेळांत मुख्य गटाला 'पुरुष' म्हणणे थांबवावे आणि तो खुला ठेवावा. नेमबाजीत 2018 पासून दहा मीटर एअर रायफलमध्ये स्त्रिया आणि पुरुष दोघेही साठच फैरी झाडतात, तेव्हा त्यांचे गुण शेजारी-शेजारी मांडून पाहायला हरकत कोणती? ज्या संघटनांना बळाचा फरक पडतो असे वाटते, त्यांनी तो दाखवावा. पुरावा मागण्याचा भार आजवर खेळू इच्छिणाऱ्या मुलीवर टाकला गेला, तो अडवणाऱ्यावर असायला हवा. आणि सुरुवातीला मोठी समिती नेमण्याचीही गरज नाही. गल्लीतल्या मंडळाच्या पुढच्या कॅरम स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर 'पुरुष एकेरी' या शब्दांच्या जागी 'खुली एकेरी' असे छापावे, आणि भाचीसारखी एखादी मुलगी अर्ज भरायला आली की तिचे नाव पासष्टावे म्हणून त्याच तक्त्यावर लिहावे.